मुलगी 'नेपथ्य' शिकते म्हणजे काय शिकते?

"भाऊ, तुम्ही शिकलेले. तुम्हीच समजावा हिला. पोरगी म्हणते, नाटकाच्या कॉलेजात जाते."

२०२२ सालच्या जून महिन्यातली ही गोष्ट. संध्याकाळी कचेरीतून येऊन हातपाय धुतले, तोच आमच्या वस्तीतली एक भगिनी मुलीला घेऊन दारात उभी राहिली. तिचा नवरा लाकडाच्या वखारीत हमाल आहे. ती स्वतः घरी शिलाई मशीनवर पिको-फॉल करते. मुलगी नुकतीच बी. ए. झालेली, घरातली पहिली पदवीधर. दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डाच्या दुरुस्त्या ही वस्तीतली कामे गेली कित्येक वर्षे माझ्याकडे येतात. त्या सवयीने मी चष्मा लावला आणि अर्ज हातात घेतला. तो एका विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचा अर्ज होता.

"हिरॉईन व्हायचंय का तुला?" मी हसून विचारले.

"नाही काका. मला नेपथ्य शिकायचंय."

"म्हणजे पडदे ओढायचे?"

ती गप्प बसली. मी मात्र बोलत राहिलो. मी बी. कॉम. झालेला कारकून माणूस. प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च मांडायची सवय. नाटकात पोट भरते का, रात्री-अपरात्री घराबाहेर राहणे मुलीला जमेल का, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे, टायपिंग कर, लिपिकाच्या जागा निघतील त्या भर, असा अर्धा तास उपदेश केला. अर्जाची घडी घालून तो तिच्या आईच्या हातात परत दिला. आईला हायसे वाटले. मुलगी "जयभीम काका" म्हणून निघून गेली.

अर्जाची मुदत टळली. पुढचे वर्षभर ती एका कापड दुकानात बिले फाडत बसली. २०२३ साली मात्र तिने अर्ज स्वतःच भरला, मला विचारायला आली नाही. निवड झाली, तेव्हा मला वस्तीतल्या पोरांकडून कळले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून ती २०२५ मध्ये बाहेर पडली. या काळात मी तिच्याकडून, तिच्या वह्यांमधून आणि एकदा तिच्या विभागात जाऊन जे पाहिले, त्यावरून माझे मलाच कळले की त्या संध्याकाळी मी ज्या विषयाबद्दल बोलत होतो, त्याची मला काडीचीही माहिती नव्हती. माझ्या शब्दामुळे एका मुलीचे एक वर्ष गेले. आणखी कुणाचे जाऊ नये, म्हणून हा लेख.

डोळ्यांसमोर होते, पण दिसले नाही

खरे म्हणजे तिचा कल मला आधीच कळायला हवा होता. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे आपण १४ एप्रिल घरात बसून साजरी केली. २०२२ साली जयंती पुन्हा रस्त्यावर आली, तेव्हा पोरांचा उत्साह मावत नव्हता. मिरवणुकीच्या चित्ररथावर सांचीचे तोरण उभारायचे ठरले. पूर्वी असल्या कामाला थर्माकोल वापरत, पण २०१८ साली राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली. मग काय करायचे? पोरे डोके खाजवत बसली.

या मुलीने पुस्तकातल्या फोटोवर रेघा मारून चौकोन पाडले. दोन खांब, त्यांवर तीन आडव्या कमानी, उत्तरेच्या तोरणावर असतात तसे खांबांच्या माथ्यावर हत्ती, हे सगळे तिने चौकटीच्या कागदावर मापात उतरवले. बांबूचा सांगाडा, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा आणि वरून मातकट रंग. आमच्या गल्लीत विजेच्या तारा खाली लोंबतात. अखंड तोरण ट्रॉलीवर चढवले असते तर पहिल्याच वळणावर अडकले असते. तिने वरच्या दोन कमानी वेगळ्या ठेवल्या आणि खुंट्या मारून चौकात गेल्यावर बसवल्या. उतरवायला दहा मिनिटे, चढवायला पंधरा.

मिरवणुकीत लोकांनी फोटो काढले, आम्ही कार्यकर्त्यांनी पाठी थोपटून घेतल्या. हे करणाऱ्या मुलीच्या हातात एक विद्या आहे, आणि ती विद्या विद्यापीठात शिकवली जाते, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

नेपथ्य म्हणजे नुसता पडदा नव्हे

नेपथ्य हा शब्द जुना आहे. संस्कृत नाटकांत रंगमंचामागे नट वेश करतात ती जागा, किंवा तो वेशच, असा त्याचा अर्थ होता. आज मराठीत आपण तो रंगमंचावर उभ्या केलेल्या देखाव्याला, म्हणजे सेटला वापरतो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, तिथून आपल्या व्यावसायिक नाटकाची सुरुवात मानतात. पुढे संगीत नाटकांच्या काळात रंगवलेल्या पडद्यांचे राज्य आले. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. प्रवेश बदलला की पडदा बदलायचा. हे पडदे रंगवणारे हात कारागिरांचे होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' याच नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांतल्या बाबुरावांनी पुढे १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. नाटकाच्या पडद्यापासून सिनेमाच्या पडद्यापर्यंतचा हा प्रवास एका कारागिराच्या हाताने झाला, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

१९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले. त्यात लोंबत्या पडद्यांऐवजी खरी वाटावी अशी खोली उभी केली होती. पुढे घराघरांतल्या गोष्टी सांगणारी नाटके वाढली, तसे तीन भिंती, दारे, खिडक्या असलेले सेट रूढ झाले. चौथी भिंत प्रेक्षकांच्या बाजूची; ती नसतेच. द. ग. गोडसे, दामू केंकरे, मोहन वाघ, बाबा पार्सेकर, प्रदीप मुळ्ये अशी नेपथ्यकारांची नावे मराठी रंगभूमीवर आदराने घेतली जातात.

पण नेपथ्य म्हणजे भिंती उभ्या करणेच, असेही नाही. १९७२ सालच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये रांगेत उभे राहणारे नटच पडदा झाले, भिंत झाले. १९६३ साली इब्राहिम अल्काझींनी धर्मवीर भारतींचे 'अंधायुग' दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या भग्न अवशेषांत केले. तिथे जुने दगडच नेपथ्य झाले. आपल्या भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे तर उघड्या मैदानात होत. कुठे काय मांडायचे आणि कुठे काहीच मांडायचे नाही, हे ठरवणे हीच नेपथ्यकाराची अक्कल.

वर्गात काय शिकवतात?

पहिली गोष्ट म्हणजे नाटक वाचायला शिकवतात. आपण वाचतो तशी गोष्ट म्हणून नव्हे. पात्र कोणत्या दाराने येते, खिडकीतून काय पाहते, एकाच वेळी रंगमंचावर किती माणसे असतात, भांडण होते तेव्हा कोण कुणाच्या किती जवळ उभे असते, याची यादी करायची. या मुलीच्या वहीत एका नाटकाचा असा तक्ता मी पाहिला. माझ्या कचेरीतल्या खतावणीपेक्षा तो नीटनेटका होता.

मग येतो आराखडा. रंगमंच वरून पाहिला तर कसा दिसेल, तो ग्राउंड प्लॅन. समोरून कसा दिसेल, तो वेगळा. मधोमध कापला तर कसा दिसेल, तो आणखी वेगळा. हे सगळे मापात. एक फुटाला अर्धा इंच असे प्रमाण धरले, तर छत्तीस फुटी रंगमंच कागदावर अठरा इंचांत बसतो. त्याच मापाने पुठ्ठ्याचे छोटे मॉडेल करायचे. त्यात साडेपाच फुटांचा माणूस पावणेतीन इंचांचा होतो. तो पुठ्ठ्याचा माणूस दारातून आत जातो का, जिन्यावर त्याचे डोके आपटते का, हे आधी मॉडेलमध्ये पाहायचे. कागदावरची चूक खोडरबराने जाते, लाकडातली चूक पैसे खाते.

एक उदाहरण देतो. मला हिशेबाची गोडी, म्हणून ते फार आवडले. रंगमंचावर तीन फूट उंचीचा चौथरा हवा आहे. नाटकवाले त्याला लेव्हल म्हणतात. सहा-सहा इंचांनी चढायचे तर सहा चढ लागतात. शेवटचा चढ चौथऱ्यावरच जातो, म्हणजे मधल्या पायऱ्या पाच. पाय नीट टेकायला प्रत्येक पायरी दहा इंचांची. पाच पायऱ्यांचे झाले पन्नास इंच. म्हणजे चार फुटांहून जास्त जागा नुसत्या पायऱ्यांनी खाल्ली! ती जागा आधी मोजली नाही, तर नटाला उभे राहायलाच जागा उरत नाही. आणि त्या चौथऱ्यावर सहा माणसे एकदम नाचणार असतील, तर साठ किलोप्रमाणे तीनशे साठ किलो वजन झाले, आणि नाचताना बसणारे धक्के त्याहून अधिक. खालचे पाय, आडवे दांडे त्या हिशेबाने. हे चुकले तर माणसाचा पाय मोडतो.

तिसरी गोष्ट, नजरेची रेषा. सर्वांत पुढच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खुर्चीपासून बाल्कनीच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत रेघा मारून पाहायचे, की तिथल्या माणसाला काय दिसते आणि काय दिसत नाही. स्वस्त तिकिटाच्या माणसालाही नाटक पूर्ण दिसले पाहिजे, हा त्यातला हिशेब. मला तो समतेचाच धडा वाटला.

मग कारागिरी. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून ठोकायचे, त्यावर सरस आणि व्हायटिंगचा हात द्यायचा, की कापड ढोलकीच्या पानासारखे ताठ होते. याला फ्लॅट म्हणतात. असे फ्लॅट बिजागरीने जोडून भिंत उभी राहते. बिजागरीची पिन काढता येते, म्हणजे प्रयोग संपला की भिंत सुटी होऊन टेम्पोत बसते. मराठी नाटक आज या गावात, उद्या त्या गावात. सेट कितीही देखणा असला, तरी तो झटपट सुटत नसेल आणि गाडीत मावत नसेल, तर काय उपयोग? आमच्या गल्लीतल्या तारांखालून तोरण नेताना या मुलीने हेच केले होते.

याशिवाय रंग, प्रकाश, वेशभूषा, जगभरच्या रंगभूमीचा इतिहास. स्वित्झर्लंडचा आपिया म्हणून एक विचारवंत होऊन गेला. रंगवलेला सपाट पडदा आणि त्याच्यापुढचा जिवंत माणूस यांचा मेळ बसत नाही, त्याऐवजी पायऱ्या, उंचवटे आणि प्रकाश यांतून जागा घडवावी, असे त्याने मांडले. भिंतीला कोणता रंग द्यायचा, हे त्यावर कोणता दिवा पडणार, ते ठरल्याशिवाय ठरवता येत नाही. आता संगणकावर ऑटोकॅड, स्केचअप यांसारख्या प्रणालींतही आराखडे करतात. पण हाताने रेघ मारायला येत नाही, त्याला संगणकही काही शिकवत नाही, असे ही मुलगी म्हणते.

कुठे शिकता येते?

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय सर्वांना माहीत आहे. १९५९ साली संगीत नाटक अकादमीने ते सुरू केले. १९७५ पासून ती स्वायत्त संस्था आहे. तिथे तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असतो. पहिल्या वर्षी सर्वांना सर्व विषय, पुढे अभिनय किंवा रचना-दिग्दर्शन अशा वाटा फुटतात. प्रवेशासाठी पदवी आणि नाटकात प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव लागतो. जागा थोड्या असतात, पण त्यांत आरक्षण आहे आणि विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते.

महाराष्ट्रात पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात २००३ पासून नाट्यकलेची अकादमी आहे. ती उभी करणारे वामन केंद्रे बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेले. आणि ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, घरे गमावली, जीव दिले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. कमलाकर सोनटक्के यांनी त्याची घडी बसवली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तो आपण दरवर्षी आठवतो. त्या कमानीतून आत जाऊन तिथे कोणकोणते विषय शिकवतात, हे मात्र आपल्यापैकी किती जण पाहतात?

या बहुतेक ठिकाणी नेपथ्य हा नाट्यशिक्षणाचा एक भाग म्हणून शिकवला जातो. विद्यार्थी सगळे शिकतो आणि मग त्यात आपला हात बसवतो. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासूनचे. चित्रकला, अंतर्गत सजावट, वास्तुकला शिकून नेपथ्याकडे वळणारेही पुष्कळ आहेत.

ज्यांना आधी हात मारून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी राज्य नाट्य स्पर्धा आहे, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला वेगळे पारितोषिक असते. वडील गिरणीत, एस. टी. त किंवा कारखान्यात आहेत, अशा कितीतरी घरांतल्या मुलांनी नाटकाचे पहिले पाऊल या स्पर्धांत टाकले आहे.

पैशाचे काय?

हा प्रश्न मी टाळणार नाही. सरकारी विद्यापीठातली फी खासगी संस्थांच्या मानाने कमी असते. खरा खर्च राहण्या-जेवण्याचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. कारकून म्हणून माझा सल्ला असा: ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणार, तो शिष्यवृत्तीच्या मान्य यादीत आहे का, हे फी भरण्यापूर्वी विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि जात पडताळणी ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. बँक खाते आधारशी जोडलेले हवे. कितीतरी मुलांची शिष्यवृत्ती एवढ्यावर अडते.

शिकून झाल्यावर काय? महिन्याच्या एक तारखेला पगार होईल, अशी हमी नाही. नेपथ्यकाराला नाटकामागे मानधन मिळते. नाटक पडले तर पुढचे काम मिळेपर्यंत थांबावे लागते. सुरुवातीची चार-पाच वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढावी लागतात. मात्र ही विद्या फक्त नाटकात चालते असे नाही. मालिका आणि चित्रपटांचे कलादिग्दर्शन, प्रदर्शने, संग्रहालये, समारंभांचे मंच या सर्व ठिकाणी हेच आराखडे, हीच मापे, हेच सुतारकाम. ही मुलगी सध्या एका मालिकेच्या कलाविभागात सहायक आहे, आणि जमेल तेव्हा नाटकाचे काम करते. कापड दुकानातल्यापेक्षा बरे मिळते, पण दर महिन्याला सारखे मिळत नाही. पालकांनी हे समजून, घरात मोकळेपणाने बोलून निर्णय घ्यावा. उगाच स्वप्ने दाखवणे माझ्या तत्त्वात बसत नाही.

'मुलीच्या जातीला झेपेल का?'

हे वाक्य मीच बोललो होतो. आता विचार करतो, तेव्हा लाज वाटते. 'जात' या शब्दाशी आपण पिढ्यान्पिढ्या झगडलो, आणि घरच्या लेकीपुढे तोच शब्द आणून उभा केला!

काम अंगमेहनतीचे आहे, हे खरे. हातोडी, करवत, ड्रिल चालवावे लागते. शिडीवर चढावे लागते. प्रयोग रात्री संपतो आणि सेट त्यानंतर उतरतो. विभागात सुरुवातीला मुलांनी तिला रंगाचे डबे धरायला उभे केले. तिने दोन दिवस डबे धरले, तिसऱ्या दिवशी करवत हातात घेतली. रात्रीच्या कामाचे काय, असे तिच्या आईने विचारले, तेव्हा तिने सोबतच्या दोन मुलींना घरी आणले. चौघींनी चहा घेतला. रात्री कोण कुणाबरोबर वसतिगृहावर परतते, फोन किती वाजता करायचा, हे सगळे ठरले. काळजी करणे पालकांचे कामच आहे. पण काळजीवर उपाय शोधायचा असतो, शिक्षण थांबवायचे नसते. आमच्या वस्तीतल्या किती तरी आयाबहिणी रात्रपाळीला दवाखान्यात जातात, पहाटे झाडू मारायला निघतात. तेव्हा रात्रीची भीती कुणी काढत नाही.

पन्नासच्या दशकात मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' झाले. पुढे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी यांच्यासारखे नाटककार आले. आपण शाहीर दिले, लेखक दिले, नट दिले. पण आपली गोष्ट ज्या जागेत घडते, ती जागा रंगमंचावर उभी कुणी केली? आपले घर ज्याने आतून पाहिले आहे, त्याच्या हाताने ते उभे राहिले, तर काय होते, ते मी २०२५ साली पाहिले.

ते घर

शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक नाटक पूर्ण उभे करून दाखवावे लागते. तिच्या वाट्याला आलेले नाटक वर्गातल्याच एका मुलाने लिहिले होते. चार माणसांचे कुटुंब, एक खोली. सुटीत घरी आली, तेव्हा तिने टेप घेऊन स्वतःचे घर मोजले. दहा बाय बारा. मशीन कुठे, पेटी कुठे, पाण्याचा ड्रम कुठे, तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो किती उंचीवर, सगळे कागदावर. आराखडा पाहून तिच्या सरांनी एकच प्रश्न विचारला, "चौथा माणूस झोपतो कुठे?" तिने उत्तर दिले, "सर, तो दारात झोपतो. तो माझा भाऊ आहे."

पण दहा फुटांची खोली तीस फुटांच्या रंगमंचावर जशीच्या तशी मांडली, तर ती खेळण्यासारखी दिसते आणि बाजूच्या प्रेक्षकांना काहीच दिसत नाही. तिने खोली अठरा फूट केली, बाजूच्या भिंती बाहेरच्या अंगाला तिरक्या केल्या, आणि अडचण दिसावी म्हणून वरचे पत्रे अगदी खाली आणले. खोली वाढवली, तरी कोंडमारा तेवढाच राहिला. ही युक्ती तिने मला कागदावर समजावून सांगितली.

प्रयोगाला तिचे आईवडील, भाऊ आणि मी असे गेलो. पडदा उघडला. तिची आई आधी खाली मान घालून बसली. माझ्या कानाशी पुटपुटली, "भाऊ, आपल्या घराचं उणं असं चारचौघांत मांडायचं का हो?" मला उत्तर सुचेना. मग नाटकातली आई रात्री मशीन बाजूला सरकवून मुलीला अभ्यासाला जागा करून देते, असा एक प्रसंग आला. बोलणे काही नाही. मशीन सरकले, तेवढीच दोन फूट जागा झाली, आणि त्या जागेवर दिवा पडला. सगळे नाट्यगृह शांत. शेजारी पाहिले, तर माउली पदराने डोळे पुसत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हे मी रोज करते. पण मला ते कधी दिसलं नव्हतं."

प्रयोग संपल्यावर वडील रंगमंचावर गेले. भिंतीवर बोटाने टकटक केले, लाकूड कोणते ते ओळखले आणि एक फ्लॅट एका हाताने उचलून पाहिला. तीस वर्षे खांद्यावर वासे वाहणारा माणूस. लेकीने उभी केलेली भिंत एवढी हलकी पाहून हसायला लागला. मग सेट उतरवायला पोरांबरोबर तोही लागला. लांब दांडा दोघांनी वळणावरून कसा न्यायचा, हे त्याने त्या विद्यापीठातल्या मुलांना शिकवले. मुले त्याला 'सर' म्हणत होती.

परत निघताना मी त्या मुलीला बाजूला घेतले. म्हणालो, "पोरी, त्या वर्षी मी चुकलो. तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलं."

तिने माझी समजूत काढली नाही. म्हणाली, "वर्ष गेलं ते गेलंच, काका. पण पुढची कुणी आली, तर तिचा फॉर्म परत देऊ नका."

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही वस्तीत जयंतीचा मंच बांधणारा, विहाराच्या दारात कमान उभी करणारा, शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचा किल्ला करणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेलच. मिरवणूक संपली की त्यांची पाठ थोपटून विसरून जाऊ नका. त्यांना जवळ बसवा, ही विद्या कुठे शिकता येते ते सांगा, अर्ज भरायला मदत करा. आणि ज्या विषयातले आपल्याला कळत नाही, त्याबद्दल उपदेश करण्याआधी माझ्यासारख्या कार्यकर्त्याने दोन प्रश्न विचारावेत. मी आता तसे करतो. माझ्या टेबलाच्या खणात सध्या एक नवा अर्ज आहे. मुदतीला अजून बारा दिवस आहेत.